भाव विचारून निघून जाण्याला माणुसकी म्हणू नका

भाऊ,

फिरायला गेल्यावर मागे लागणाऱ्या विक्रेत्यांशी कसं वागावं, यावर मी लिहिलं होतं. घ्यायचं नसेल तर एकदाच स्पष्ट ‘नको’ म्हणा, वस्तू हातात घेऊ नका, भाव विचारू नका, चालत राहा, असं त्यात होतं. अजिंठ्याला विकायला असणारे बहुतेक दगड रंगवलेले असतात, असंही एक वाक्य होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "ताई, तुम्ही गरिबाला हाकलायला शिकवताय. गाडीतून फिरणाऱ्यांना पोटासाठी उन्हात उभं राहणं काय कळणार? मॉलमध्ये मुकाट पैसे मोजता ना? आणि अजिंठ्याचे दगड रंगवलेले म्हणणं म्हणजे निव्वळ अज्ञान."

मत वेगळं असायला माझी हरकत नाही, पण ही बोलायची पद्धत आहे का? माझ्या लेखात कुठल्याही विक्रेत्याला एक उणा शब्द नाही. तुम्ही मात्र मी कोण, कुठल्या घरातली, हे न विचारता निकाल देऊन मोकळे झालात. जळगावात समोरासमोर भेटलो असतो तर चहा घेऊन बोलला असतात, ‘काय कळणार’ म्हणाला नसतात.

दगडांचं तुमचं बरोबर आहे. जळगाव परिसरातल्या खाणींमधले ॲपोफिलाइट, स्टिल्बाइट हे स्फटिक जगभरचे संग्राहक घेतात, आणि अजिंठ्याच्या वाटेवर अस्सल नगही मिळतात. लेखात ‘बहुतेक दगड’च्या जागी ‘काही दगड’ असं करते. पण भडक गुलाबी-जांभळा दगड दिसला तर रंगाची शंका घ्या, एवढं पर्यटकाला सांगणं अज्ञान नव्हे.

आता ‘उन्हात उभं राहणं काय कळणार’. माझी आई यात्रांमध्ये बांगड्या, कंगवे, रिबिनी विकायची. दत्तजयंतीला सारंगखेडा, महाशिवरात्रीला मुक्ताईनगर. पालात तिच्या शेजारी मी बसायचे, बांगड्या दोरीतून काढून द्यायचे आणि परत ओवायचे. त्यामुळे विकणाऱ्याला कोणतं गिऱ्हाईक नको असतं, हे मला कुणी शिकवायची गरज नाही. ‘नको’ म्हणून पुढे जाणारी बाई आईला कधीच खुपली नाही. खुपायची ती बसून सगळा माल उपसायला लावणारी, हातात भरून बघणारी, भाव पार निम्म्यावर आणणारी आणि ‘येते गं फिरून’ म्हणून उठणारी. तेवढ्या वेळात खरं घेणाऱ्या दोघी-तिघी पुढच्या पालावर गेलेल्या असायच्या. सकाळची भवानी व्हायच्या आधी असं झालं की आईचा चेहरा उतरायचा. तो चेहरा मी बघितलाय, भाऊ. तुम्ही बघितलाय का?

म्हणून मी ‘भाव विचारू नका’ लिहिलं. कळंगुटच्या किनाऱ्यावर पैंजण-माळा घेऊन फिरणाऱ्या लमाणी बायका वाळूतून तुमच्या मागे चालत येतात, कारण तुम्ही ‘कितीला?’ विचारलेलं असतं. त्यांच्यासाठी बोलणी तिथे सुरू झालेली असतात. मग दहा मिनिटांनी तोंड फिरवायचं आणि मागे लागतात म्हणून कुरकुर करायची, हे मला पटत नाही. अजिंठ्यालाही तेच. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावली की कुणीतरी हातात छोटा दगड ठेवतो, ‘गिफ्ट आहे, फक्त आमचं दुकान लक्षात ठेवा’ म्हणतो. पुढे चार किलोमीटर बसने लेण्यांकडे जायचं आणि परतताना तीच दुकानं ओलांडून यायचं. दगड घेतलात की त्याने दिवसभर तुमची वाट बघितलेली असते. खिशात दगड आणि दुकानात पाऊल नाही, ही कुठली माणुसकी? त्यापेक्षा तिथल्या तिथे ‘नको दादा’ म्हणून तो परत करा. पाणी, पेरू, पोस्टकार्ड लागणारच असेल तर जरूर घ्या, आणि पाच-दहा रुपयांसाठी ताणू नका. हेही मी लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

मॉलचा विषय मी काढलाच नव्हता, तेव्हा त्यात शिरत नाही. विक्रेत्यांना उठवा असंही मी कुठे म्हटलेलं नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेसाठी २०१४ चा कायदा आहे, तो नीट राबवावा असंच माझं मत आहे. कुणाच्या पोटावर पाय देण्याचा आरोप माझ्यावर करायचा असेल तर आधी माझ्या लेखातली ओळ दाखवा.

मुद्द्यावर पुन्हा लिहिलंत तर जरूर उत्तर देईन. ‘तुम्हाला काय कळणार’ अशी सुरुवात असेल तर ती प्रतिक्रिया मी इथे ठेवणार नाही.