‘रिस्टार्ट मारला की चालतंय की!’ : डेटाबेसच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात तो मेसेज मला चौघांनी पाठवला. टिळकवाडीतला जुना वर्गमित्र, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा अकाउंटंट, खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेचे मॅनेजर, आणि शेवटी माझा भाचा. तो नुकताच बी. ई. झालाय, पुण्याला जायची बॅग भरतोय. मेसेजखाली त्याने विचारलंय, “मामा, मग तुम्ही इतकी वर्षं करता तरी काय?” प्रश्न जरा लागला, म्हणून हा खटाटोप.

मेसेजचा सारांश असा. डेटाबेस स्लो झाला तर डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला, पैसे देऊ नका. एक, क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) ‘व्हेअर’मध्ये, म्हणजे अटीत, येणाऱ्या प्रत्येक कॉलमवर इंडेक्स टाका. दोन, रॅम दुप्पट करा. तीन, रोज रात्री सर्व्हर रिस्टार्ट करा. चार, इनोडीबीची, म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसच्या साठवणीच्या भागाची, लॉग फ्लशची सेटिंग १ वरून २ करा, लिखाण फुकटात कितीतरी पट वेगवान होतं. पाच, रात्रीचा बॅकअप लावा आणि निर्धास्त झोपा. सहा, थोड्याच दिवसांत हे सगळं एआय करणार, तेव्हा शिकत बसू नका.

सहाही मुद्दे साफ खोटे असते तर काम सोपं होतं. प्रत्येकात चिमूटभर खरं आहे, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

इंडेक्सपासून सुरू करू. पिग्मी, म्हणजे एजंट रोज येऊन गोळा करतो ती बचत ठेव, आपल्याकडे कुणाला समजावायला नको. पुढे सिंडिकेट बँक झालेल्या उडुपीच्या बँकेने १९२८ साली ती सुरू केली, आणि आजही खडेबाजारातला पानवाला रोजचे पैसे तिच्यातच टाकतो. मी ज्या पतसंस्थेचं काम बघतो तिथे संध्याकाळी एजंट हातातली मशीनं घेऊन येतात आणि दिवसभराच्या पावत्या एकदम सिस्टीमवर चढतात. त्या पावत्यांच्या टेबलवर कुणीतरी हौसेने चौदा इंडेक्स टाकून ठेवले होते. इंडेक्स म्हणजे टेबलशेजारी ठेवलेली वेगळी, सतत क्रमाने लावलेली वही. पावती एक, पण नोंद पंधरा ठिकाणी. संध्याकाळची रांग का लांबायची याचा अर्धा उलगडा इथेच झाला. चौदांतले काही तर निव्वळ ओझं होते. ‘खाते, तारीख’ असा जोड-इंडेक्स असताना नुसत्या ‘खाते’चा वेगळा कशाला हवा? जोड-इंडेक्सचा पहिला कॉलम खातेच आहे, त्यावरूनच शोध लागतो.

खरी गंमत पुढे आहे. एवढे इंडेक्स असूनही खातेउतारा रडत रडतच यायचा. खाते क्रमांक ठेवलेले अक्षरांच्या कॉलममध्ये, कारण सुरुवातीची शून्यं जपायची होती. क्वेरी मात्र तो नंबर अवतरण चिन्हांशिवाय, आकडा म्हणून पाठवत होती. अक्षरं आणि आकडा समोरासमोर आले की मायएसक्यूएल टेबलातल्या अक्षरांचा आकडा करून ताडून बघतं, एकेका ओळीचा. मग अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या वहीचा उपयोग शून्य. क्वेरी कशी चालणार हे दाखवणारा ‘एक्सप्लेन’ लावून बघितलं तर संभाव्य इंडेक्सच्या रकान्यात नाव होतं, प्रत्यक्ष वापरलेल्याच्या रकान्यात ‘नल’, म्हणजे काहीच नाही. दुरुस्ती काय, तर दोन अवतरण चिन्हं. पंधरावा इंडेक्स टाकून हे कधीच सुटलं नसतं. तारखेच्या कॉलमवर ‘इयर’ फंक्शन चढवून २०२४ शी तुलना करणाऱ्यांचंही तेच होतं. कॉलम मोकळा ठेवा, १ जानेवारीपासून ३१ डिसेंबरपर्यंत अशी हद्द द्या, म्हणजे वही कामाला येते.

आणि इंडेक्स वापरायचा की नाही हे ठरवतो ऑप्टिमायझर, म्हणजे डेटाबेसातला क्वेरीचा मार्ग निवडणारा भाग, आपण नाही. चिकोडी बाजूच्या एका साखर कारखान्याच्या ऊसनोंदी पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये आहेत. आडनावावर इंडेक्स आहे. तुम्ही ‘पाटील’ शोधलंत तर पोस्टग्रेस तो बाजूला सारून सरळ अख्खं टेबल वाचतं, आणि त्याचं बरोबर आहे! आपल्याकडे पाटील किती हे त्याला आकडेवारीवरून कळतं. वारंवार येणाऱ्या मूल्यांची यादी ते प्रत्येक कॉलममागे ठेवतं. पानापानावर पाटीलच असतील तर वहीत बघून पान उलटण्यापेक्षा सरळ पुस्तक वाचलेलं बरं. त्याच क्वेरीत गावात एकच घर असलेलं आडनाव टाका, लगेच इंडेक्स वापरतं.

फसतं कुठे, तर दोन अटी एकमेकींत गुंतलेल्या असल्या की. तालुका चिकोडी आणि गाव एकसंबा. समजा चार लाख नोंदींपैकी पाव हिस्सा चिकोडी तालुक्याचा आणि एक टक्का एकसंब्याचा. ऑप्टिमायझर दोन्ही अटी स्वतंत्र धरून गुणाकार करतो आणि म्हणतो, हजार ओळी येतील. येतात चार हजार, कारण एकसंबा चिकोडी तालुक्यातच आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. त्यात जिल्हा आणि राज्याच्या अटी घातल्या की अंदाज आणखी खाली जातो. मग ‘थोड्याच ओळी आहेत’ म्हणून तो नेस्टेड लूप, म्हणजे एकेका ओळीसाठी दुसऱ्या टेबलात शोधायची पद्धत, निवडतो आणि वजनकाट्याच्या टेबलात हजारो वेळा बुड्या मारत बसतो. २०१७ साली आलेल्या पोस्टग्रेस १० पासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ने हे कॉलम एकमेकांशी बांधलेले आहेत असं सांगता येतं. ‘एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ’मध्ये अंदाजाच्या ओळी आणि खऱ्या ओळी शेजारी शेजारी छापून येतात. मी आधी तिथेच बघतो. दोन आकड्यांत जमीन-अस्मान असेल तर रोग आकडेवारीत आहे.

जाता जाता आपल्या भाषेचं एक. कऱ्हाडकर. यातला ‘ऱ्’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एक नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसरा साधा र, हलन्त आणि वर एक न दिसणारा जोडक. डोळ्यांना दोन्ही सारखेच. नेहमीच्या कोलेशनवरच्या (अक्षरं ताडायच्या नियमांवरच्या) पोस्टग्रेसला मात्र ती दोन वेगळी नावं, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची रूपं एकसारखी करणं) चालवूनही ती एक होत नाहीत. एका क्लार्कने एका कीबोर्डवरून भरलेला सभासद दुसऱ्याला सापडत नाही, आणि तो म्हणतो “इंडेक्स बिघडलाय.” भरतानाच एक रूप पक्कं करायचं, दुसरा इलाज नाही. पत्त्यांची तर गोष्टच सोडा. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं, तेव्हापासून एकाच रकान्यात बेळगाव, बेळगांव, बेळगावी असे सगळे सुखाने नांदतात.

आता रॅम आणि रिस्टार्ट. हे मुद्दे दोन, पण आजार एकच.

रॅमबद्दल आधी कबूल करतो, कमी रॅम असेल तर वाढवावीच. पण सोळा जीबीच्या मशीनवर इनोडीबीचा बफर पूल, म्हणजे डेटा मेमरीत ठेवायची जागा, कंपनीने दिलेल्या १२८ एमबीवरच सोडलेला मी एकदा नाही, अनेकदा पाहिलाय. तिथे बत्तीस जीबी घातलेत तरी डेटाबेस आपल्या १२८ मध्येच अंग चोरून बसणार. फक्त डेटाबेससाठीच असलेल्या मशीनवर ऐंशी टक्क्यांपर्यंत मेमरी बफर पूलला देतात. त्या एका ओळीचा खर्च शून्य.

पतसंस्थेचे मॅनेजर मात्र वेगळ्याच कारणाने रॅमच्या मागे लागले होते. रोज सकाळी अकरा-सव्वाअकराला सगळे काउंटर अडकायचे. मी जाईपर्यंत त्यांनी उपाय शोधलेला होता. “सर, रिस्टार्ट मारला की चालतंय की!” चालत होतं, खरंच. पण का चालतंय हे कुणी विचारलं नव्हतं.

मी कॅश काउंटरमागे स्टूल टाकून बसलो. अकरा वाजून गेले, स्क्रीन थिजली. सीपीयू बघितला तर जवळजवळ झोपलेला, डिस्कही शांत. कामाने दमलेलं मशीन असं नसतं, हे कुणाची तरी वाट बघणारं मशीन. मग काउंटरवर लाल चौकट आली, आणि थोड्या वेळाने शेजारच्या काउंटरवरही. मी घड्याळ लावलं. बरोब्बर पन्नास सेकंद. इनोडीबीत लॉकसाठी (दुसऱ्याने कुलूपबंद केलेल्या ओळीसाठी) थांबायची ठरलेली मुदत पन्नास सेकंदच आहे, त्यामुळे रॅमचा विषय माझ्यापुरता तिथेच मिटला.

चालू क्वेऱ्यांच्या यादीत गुन्हेगार दिसत नव्हता, कारण त्याच्या नावापुढे ‘स्लीप’ लिहिलेलं होतं. झोपलेल्यावर कोण संशय घेणार? लॉकची वाट बघणाऱ्यांचा तक्ता काढला तेव्हा सगळी बोटं त्याच एका कनेक्शनकडे. ते होतं आतल्या टेबलावरच्या क्लार्कचं. त्याने व्हाउचरची स्क्रीन उघडली होती. ती उघडतानाच सॉफ्टवेअर ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण किंवा एकत्र रद्द होणारे बदल) सुरू करून पुढचा व्हाउचर नंबर ज्या एका ओळीत असतो ती ओळ कुलूपबंद करत होतं. आणि तेवढ्यात चहा आला होता. पाव्हणा स्क्रीन उघडी टाकून खाली! अख्ख्या संस्थेला पुढचा नंबर त्याच ओळीतून हवा.

रिस्टार्टने काय व्हायचं? त्याचं कनेक्शन तुटायचं, ट्रान्झॅक्शन मागे फिरायचं, कुलूप सुटायचं. तोवर त्याचा चहाही संपलेला असायचा. तेवढं एक कनेक्शन ‘किल’ केलं असतं तरी तेच झालं असतं. कायमची दुरुस्ती म्हणजे नंबर स्क्रीन उघडताना न घेता ‘सेव्ह’ दाबल्यावर घ्यायचा. सॉफ्टवेअरवाल्यांनी ती करायला तीन आठवडे लावले, तो विषय वेगळा.

रोज रात्रीच्या रिस्टार्टने आणखी एक होतं. मेमरीत दिवसभर जमवलेली पानं जातात आणि सकाळी सगळं डिस्कवरून नव्याने आणावं लागतं. मायएसक्यूएल ५.७ पासून बंद होताना काही पानांची यादी लिहून ठेवतं आणि उठल्यावर ती परत आणतं, म्हणून धक्का जरा कमी बसतो. पण मुळात उठवायचंच कशाला?

चौथा मुद्दा वाचून मी हबकलो. लॉग फ्लशची सेटिंग १ असते तेव्हा प्रत्येक कमिट, म्हणजे पक्का केलेला व्यवहार, डिस्कवर पोचल्यावरच ‘झालं’ असं उत्तर येतं. २ केली की कमिट ऑपरेटिंग सिस्टीमच्या हातात देऊन डेटाबेस मोकळा होतो, डिस्कवर साधारण सेकंदाला एकदा जातं. वेग वाढतो, खोटं नाही. पण वीज गेली तर शेवटचा सेकंदभराचा व्यवहार जाऊ शकतो. आता जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस आणि आपली लाईट यांचं नातं आठवा, आणि ज्या संस्थेच्या यूपीएसची बॅटरी कधी बदलली हे कुणालाच आठवत नाही ती डोळ्यांसमोर आणा. एजंटाच्या हातात छापील पावती आहे, सभासदाने पैसे दिलेत, आणि डेटाबेसात ओळ नाही. तो सेकंद भरून कोण देणार? रिपोर्टसाठी वेगळी रेप्लिका (डेटाबेसची चालती नक्कल) असेल तर तिथे २ खुशाल करा, मीही करतो. पैशाच्या मूळ डेटाबेसवर नाही.

बॅकअपवर फार लिहीत नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. बॅकअपच्या एक नाही, चार-पाच सोयी होत्या. वेळेला कळलं की पोस्टग्रेस ९.६ वर ९.२ चं डंप (बॅकअप काढायचं) टूल चालत होतं आणि गुपचूप फेल होत होतं, आणि त्याचे इशाऱ्याचे ईमेलही वाटेतच अडत होते. योगायोगाने सहा तास आधी काढलेला एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) हाताशी होता, म्हणून निभावलं. तुमच्या संस्थेत बॅकअप ‘आहे’ असं म्हणत असाल तर तो दुसऱ्या मशीनवर चढवून कालची शिल्लक जुळवून दाखवा. आणि रात्रीचाच असेल, बिनलॉग (प्रत्येक बदलाची नोंदवही) ठेवत नसाल, तर संध्याकाळी पाचला डिस्क गेल्यावर दिवसभराची पिग्मी कशी उभी करणार हे आधी ठरवा.

राहिला एआय. ही भविष्यवाणी नवी नाही. ओरॅकलने २००३ मध्ये १०जी आणलं तेव्हा ‘स्वतःला सांभाळणारा डेटाबेस’ म्हणूनच विकलं. आज ओरॅकल १९सी आणि अ‍ॅझूर एसक्यूएल स्वतः इंडेक्स सुचवतात, घालतात, फायदा झाला नाही तर काढूनही टाकतात. क्लाउडवर पॅच, बॅकअप, फेलओव्हर (एक सर्व्हर पडला की दुसऱ्याने काम घेणं) आपोआप होतात. नुसतं इन्स्टॉल करून देणं आणि रात्री जागून पॅच मारणं यावर ज्यांचं पोट होतं त्यांचं काम कमी झालं, हे मान्य करायलाच हवं. मीही एआय रोज वापरतो. दोन पानी एक्सप्लेन त्याच्यापुढे टाकला की कुठे बघायचं ते झटकन सांगतं.

भाच्याला दाखवायला म्हणून मी त्या अडकणाऱ्या काउंटरचं वर्णन एआयला लिहून दिलं. पहिल्यांदा ‘रोज अकराला सिस्टीम स्लो होते’ एवढंच लिहिलं. उत्तरात स्लो क्वेरी लॉग, बफर पूल, इंडेक्स आणि रॅमही आली. मग लिहिलं, सीपीयू शांत असतो, एरर पन्नास सेकंदांनी येते, आणि त्याच सुमारास ऑफिसात चहा येतो. लगेच म्हणालं, उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन बघा.

भाचा येत्या बुधवारी माझ्याबरोबर खानापूरला येतोय. त्याला सांगितलंय, चहाच्या आधी पोचायचं.