पाणंद आधी, रिसॉर्ट नंतर

सकाळी सहाला आमच्या गॅलरीखाली वयस्क बाया-पुरुष येतात, चपला भिंतीशी ठेवतात आणि छातीभर पाण्यात उभं राहून तासभर गप्पा मारतात. बार्बाडोसमध्ये याला 'सी बाथ' म्हणतात. ही मंडळी आमच्या रिसॉर्टमध्ये उतरलेली नाहीत, मागच्या गल्ल्यांतली आहेत. दोन इमारतींच्या मधून एक अरुंद बोळ रस्त्यावरून थेट वाळूवर येतो, तिथून ती येतात. त्यांना कोणी हटकत नाही, कारण या बेटावरचे सगळे किनारे सार्वजनिक आहेत.

टोरंटोतल्या थंडीतून दोन आठवडे आम्ही इथं दक्षिण किनाऱ्यावर, वर्दिंगला, समुद्रालगतचं अपार्टमेंट घेतलं आहे. स्वयंपाकघर हवं म्हणूनच हॉटेल घेतलं नाही. ऑइस्टिन्सच्या बाजारातून मासळी आणतो; बरोबर आणलेली सोलं आणि घरचा मसाला घालून हिनं इथल्या उडत्या माशाचं तिखलं केलं, ते झकास झालं. समोरच्या प्रवाळाच्या रांगेवर लाटा बाहेरच फुटतात, म्हणून आतलं पाणी तळ्यासारखं असतं. अशा ठिकाणी माणसाला दुसरं काही सुचू नये. मी मात्र रोज सकाळी, म्हणजे गावच्या दुपारी, देवगड तालुक्यातल्या आमच्या घरी फोनवर वाद घालतो आहे.

वाद समुद्राला लागून असलेल्या आमच्या माडांच्या जागेचा आहे. मुंबईची एक मंडळी ती विकत मागताहेत. त्यांना तिथं अशाच अपार्टमेंटचं रिसॉर्ट करायचं आहे. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो विका, दुसरा म्हणतो कोकण विकायला काढू नका. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून हा वाद गावोगाव चालू आहे आणि तो नेहमी याच दोन टोकांवर अडतो. विकण्याच्या बाजूचा चुलतभाऊ मला म्हणाला, "दादा, तुका वर्साक एकदा समुद्र गावता. माका रोज दिसता, पण त्येका बघून पोट भरना नाय." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः रिसॉर्टच्या गॅलरीत बसून त्याला रिसॉर्ट नको असं कुठल्या तोंडानं सांगू?

म्हणून मी इथं जरा डोळे उघडे ठेवून फिरलो.

या बेटावर 'चॅटल हाउस' नावाची लाकडी घरं दिसतात. लहानशी, रंगीत, दगडांच्या थरावर नुसती टेकवलेली. ती अशी का, तर उसाच्या मळ्यावरच्या मजुराचं घर त्याचं असे, पण जमीन मळेवाल्याची. मालकानं ऊठ म्हटलं की फळ्या सोडवायच्या, गाडीवर घालायच्या आणि दुसरीकडे उभ्या करायच्या. गुलामगिरी १८३० च्या दशकात संपली, तरी पायाखालची जमीन या लोकांची झाली नाही. १९८० च्या कायद्यानं मळ्यांवरच्या कुळांना ती चौरस फुटाला दहा सेंट दरानं विकत घेता आली.

हे वाचताना मला माझे आजोबा आठवले. खोताच्या जमिनीत त्यांची हयात गेली. खोतीविरुद्धचं विधेयक बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मांडलं, खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ चा, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कुठे कूळ मालक व्हायला लागलं. आमच्या सातबाऱ्यावरचं नाव एवढ्या खटपटीनंतर लागलेलं आहे. ते एका खरेदीखतानं कायमचं पुसायचं, हे मला सोसत नाही. यात भावना आहे आणि ती मी लपवणार नाही.

पण नुसत्या भावनेनं भागत नाही, हेही इथंच कळलं. आमची खोली आवरायला येणाऱ्या बाई रोज आतल्या गावातून बस पकडून येतात. त्यांच्या मावशीचं घर पूर्वी पश्चिम किनाऱ्यावर होतं, ते विकलं. "पैसे चांगले मिळाले," त्या म्हणाल्या, "पण आता तिथं कुंपणाबाहेरचं कुडाचं घरसुद्धा आम्हाला परवडायचं नाही." मी तो पश्चिम किनारा पाहून आलो. वाळू कायद्यानं सगळ्यांची, पण रस्त्यावरून जाताना कितीतरी अंतर नुसत्या भिंती आणि बंगल्यांची फाटकं. मधूनच एखादी फट येते आणि समुद्र दिसतो. अशा फटींना इथले लोक 'समुद्राच्या खिडक्या' म्हणतात आणि त्या राखाव्यात म्हणून आग्रह धरतात. किनारा सार्वजनिक असणं आणि तिथवर पोचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कॅरिबियनमधल्याच जमैकात तर पहिलीही नाही. १९५६ च्या किनारा कायद्यानं तिथल्या माणसाला किनाऱ्यावर जायचा सर्वसाधारण हक्क दिलेला नाही, आणि त्यावरून लोक आज कोर्टात लढताहेत.

आपल्याकडे गोव्यात वायंगिणीच्या किनाऱ्याची वाट एका बड्या हॉटेलच्या बांधकामानं अडवली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००९ साली न्यायालयानं वाट लोकांसाठी खुली ठेवायला सांगितलं. पण एका पाऊलवाटेसाठी दिल्ली गाठावी लागली.

आमच्या घरच्या वादात सीआरझेडवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामांच्या नियमांवर, पुष्कळ बोलणं होतं. २०१९ च्या अधिसूचनेत दाट वस्तीच्या गावांसाठी बांधकामबंदीचा पट्टा दोनशे मीटरवरून पन्नासवर आला, मग आपली जागा कशात बसते, यावर तासन्‌तास. माडांमधून जाणाऱ्या पाणंदीबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. त्या वाटेनं पिढ्यान्‌पिढ्या रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारी करणारे, जाळी नेतात, बायका मासळीच्या पाट्या आणतात, गणपती विसर्जनाला जातात. ती आमच्या सातबाऱ्यावर कुठेही नोंदलेली नाही. आज मालक आम्ही आहोत, म्हणून ती आहे. उद्या मालक बदलला आणि चिऱ्याचा गडगा उठला, की ती वाट होती हे सिद्ध करायची जबाबदारी रापणकरांवर येईल.

तेव्हा माझं म्हणणं मी घरी स्पष्ट कळवलं आहे. पर्यटक यायला माझी हरकत नाही. मीही पर्यटकच आहे आणि मी दिलेल्या भाड्यावर इथली चार घरं चालतात. पण जागा विकायची नाही, मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्यायची. करार व्हायच्या आधी पाणंद मोजून नकाशावर घ्यायची, होडी ओढता येईल एवढ्या रुंदीची, आणि करारात पहिलं कलम तिचं. मंडळींना हे मान्य नसेल तर त्यांनी दुसरी जागा पाहावी. पैसे कमी मिळतील, हे मला माहीत आहे. ज्यांना पैशाची गरज आता आहे त्यांना माझ्या वाट्याची रक्कम मी सोडायला तयार आहे, कारण परदेशात नोकरी करणाऱ्यानं फुकटचा उपदेश करू नये.

चुलतभावानं काल रात्री मेसेज पाठवला की मोजणीचा अर्ज तरी भरूया. मोजणीच्या दिवशी रापणीतल्या दोघा म्हाताऱ्यांना बांधावर बोलवायचं ठरलं आहे. वाट कुठल्या माडाकडून वळते ते त्यांना पाठ आहे.