पहिले महायुद्ध परक्यांचे नव्हते : चार विधानांचा प्रतिवाद

पहिल्या महायुद्धाविषयीचा एक मजकूर मराठी वाचकांमध्ये बराच फिरतो आहे. त्याचा आशय असा : हे युद्ध युरोपच्या खंदकांत गोऱ्यांनी गोऱ्यांशी लढले, भारतातून गेले ते पंजाबी शिपाई, खर्च ब्रिटनने केला, आणि १९१८मध्ये तोफा थांबल्यावर आपल्याकडे सारे पूर्वीसारखे झाले. या विधानांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणूनच ती पटकन खरी वाटतात. पण त्यांतून निघणारा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्या युद्धात इथून गेलेल्या माणसांवर तो अन्याय करतो.

युद्धाचा शेवटचा निकाल पश्चिम आघाडीवर, म्हणजे फ्रान्स-बेल्जियममध्ये, लागला, हे खरे. भारतीय फौजाही १९१४च्या शरद ऋतूत फ्रान्सला पोहोचल्या होत्या आणि मार्च १९१५मध्ये न्यू शापेलच्या लढाईत त्यांची मोठी हानी झाली. परंतु फ्रान्सला गेलेल्या भारतीयांची संख्या सुमारे १ लाख ४० हजार होती, तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ५ लाख ८० हजारांहून अधिक माणसे गेली. भारताच्या दृष्टीने युद्धाची मुख्य आघाडी तीच होती. ब्रिटनने तुर्कस्तानविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबर १९१४ रोजी, इराकच्या किनाऱ्यावरील फाव येथे जी फौज उतरली ती सहाव्या पूना डिव्हिजनमधली होती. इराणच्या आखातातले तेल आणि ब्रिटिशांचे तिथले वर्चस्व राखणे हा तिचा हेतू होता. बसरा हाती आल्यावर मात्र बगदादचा मोह वाढत गेला, आणि नदीतील बोटी, औषधे, डॉक्टर यांची पुरेशी तरतूद न करताच जनरल टाउनशेंड यांची फौज टायग्रिसच्या काठाने पुढे ढकलली गेली. नोव्हेंबर १९१५मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉन येथे साडेचार हजारांच्या आसपास माणसे मेली किंवा जायबंदी झाली. हाडे मोडलेल्या जखमींना स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणले आणि तिथून तुडुंब भरलेल्या बोटींनी बसऱ्याकडे पाठवले.

माघार घेतलेली फौज टायग्रिसकाठच्या कुत या गावी तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा तो वेढा चालला. धान्य संपत आले, घोडे कापले जाऊ लागले, आणि धर्मामुळे ते मांस नाकारणाऱ्या शिपायांसाठी भारतातल्या धर्मगुरूंची अनुज्ञा बिनतारी संदेशाने मागवावी लागली. अखेर सुमारे १३ हजार माणसे शरण गेली. वेढा उठवण्याच्या प्रयत्नांत त्याहून कितीतरी अधिक माणसे कामी आली वा जखमी झाली होती. कैद्यांना वाळवंटातून पायी नेऊन रेल्वेच्या कामावर जुंपले. त्यांतले हजारो परतलेच नाहीत. या आघाडीवर मेलेल्यांचे स्मारक बसरा येथे आहे. तिथे भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, साध्या भारतीय शिपायांची मात्र पलटणवार केवळ संख्या.

आता ‘पंजाबी शिपाई’. लढाऊ सैनिकांपैकी निम्म्याच्या आसपास पंजाबातून आले, हे मान्य. पण कुतच्या वेढ्यात १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. कोकणात आणि साताऱ्याकडे काही गावांत ‘या गावातून इतकी माणसे महायुद्धास गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ असे सांगणारे फलक आजही आहेत. मजकूर पुढे पाठवणाऱ्याने एकदा तरी ते वाचावेत. शिवाय मेसोपोटेमियाला गेलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे लढाऊ नव्हतेच. ते भिस्ती, डोलीवाले, खेचरवाले, मजूर होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जाती’च्या सिद्धान्तापायी ज्या महारांना सैन्याची दारे बंद झाली होती, त्यांचीही १९१७मध्ये गरज भासली आणि १११वी महार पलटण उभी राहिली. १९२१मध्ये ती मोडली. तो अन्याय दूर होऊन महार रेजिमेंट उभी राहायला दुसरे महायुद्ध आणि १९४१ साल उजाडावे लागले.

खर्चाचे विधान अधिक फसवे आहे. परदेशी गेलेल्या भारतीय फौजेचा जादा खर्च ब्रिटनने उचलला, पण तिचा नेहमीचा खर्च भारताच्याच तिजोरीतून चालू राहिला. शिवाय १९१७मध्ये भारत सरकारने ब्रिटनला दहा कोटी पौंड, म्हणजे त्या वेळचे दीडशे कोटी रुपये, ‘देणगी’ म्हणून दिले. ज्यांच्या करातून ती फिटायची होती त्या रयतेला कोणी विचारले नव्हते. युद्धाच्या खरेदीमुळे रुपयाच्या नाण्यांना लागणाऱ्या चांदीची इतकी चणचण झाली की ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. धान्य, कापड, रॉकेल महागले. कर आणि महागाई या दोन्ही वाटांनी युद्धाचा भार बंदुकीला हातही न लावलेल्या घरांवर पडला.

राहिले ‘पूर्वीसारखे झाले’. मेसोपोटेमियातील ढिसाळपणाची चौकशी झाली, १९१७च्या मध्यास अहवाल प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यू यांनी २० ऑगस्ट १९१७ रोजी जबाबदार राज्यपद्धती टप्प्याटप्प्याने देण्याची घोषणा केली, आणि त्यातून प्रांतांत काही खाती भारतीय मंत्र्यांकडे देणारा १९१९चा भारत सरकार कायदा आला. या घोषणेमागे होमरूल चळवळीचा रेटाही होता, पण कुतच्या नामुष्कीशिवाय ती त्या उन्हाळ्यात झाली असती असे मला वाटत नाही.

१९१८च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझा मुंबईच्या गोदीत उतरला. सैन्याच्या वाहतुकीबरोबर पसरलेल्या त्या साथीने भारतात सव्वा कोटी किंवा त्याहून अधिक माणसे मारली. त्याच वर्षी पाऊसही हुकला. गिरण्यांनी युद्धात अमाप नफा कमावला होता. महागाईने पिचलेल्या लाखाहून अधिक गिरणी कामगारांनी जानेवारी १९१९मध्ये संप केला. मुंबईत घरभाडी इतकी भडकली की सरकारला १९१८मध्ये भाड्यांवर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. तो युद्धाच्या नावाने आणि तात्पुरता म्हणून केला होता, पण युद्ध संपल्यावरही काही वर्षे मागे घेता आला नाही.