हर्निया फक्त वजन उचलल्यानं होतो? थोडं थांबा
आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरून राहिला की हर्निया फक्त वजन उचलणाऱ्यालेच होते अन् पट्टा बांधला की बरा होते. हे चूक आहे भाऊ. हर्निया म्हणजे पोटाच्या नाहीतर जांघेच्या भिंतीत कमजोर जागी भोक पडून आतलं आतडं नाहीतर चरबी फुग्यासारखी बाहेर येणं. नागपूरच्या कळमना मार्केटात जन्मभर पोती उचलणाऱ्या कितीतरी हमालांना हर्निया नसतो, अन् माझ्या मामाजींना, जे आयुष्यभर टेबलावर बसून हिशेब लिहीत होते, त्यांना दोन्ही बाजूनं झाला.

पोटाची भिंत म्हणजे नुसते स्नायू नाही, त्याले धरून ठेवणारं पांढरं चिवट अस्तर असते, ते कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं. टाईप १ कोलॅजन म्हणजे जाड मजबूत दोर, टाईप ३ बारीक अन् कच्चा. हर्नियाच्या बऱ्याच पेशंटमध्ये ३ च्या मानानं १ कमी सापडते, म्हणजे कापडच विरलेलं, वजन, खोकला, कुंथणं हे त्याच्यावर जोर टाकते बस. म्हणून घरात कोणाले असला तर आपल्यालेही धोका जास्त, बिडी-सिगारेटनंही कोलॅजन खराब होते. विरलेल्या कापडाले नुसता टाका टिकत नाही म्हणूनच मोठ्या माणसात डॉक्टर बहुतेक वेळा जाळी बसवतात.

पट्ट्यानं फुगा दबते, भोक बुजत नाही. अन् फुगा कडक झाला, आत जात नसंल, दुखून उलट्या सुरू झाल्या तर पट्टा आवळत बसू नका, त्याच घडीले दवाखान्यात न्या.