खुलासा: ती व्हीनस नाही
संगमरवरी अर्धनग्न तरुणीचा एक फोटो ‘प्राचीन ग्रीक व्हीनस’ (सौंदर्यदेवता) म्हणून फिरतोय. मीही तो तसाच पुढे पाठवला होता, ती माझी चूक. हे शिल्प हंगेरियन शिल्पकार इश्तवान फेरेन्त्सी याने रोममध्ये १८२०-२२ दरम्यान घडवलं. आज ते बुडापेस्टच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. नाव ‘मेंढपाळ मुलगी’, दुसरं नाव ‘ललितकलांचा आरंभ’. या दुसऱ्या नावाची खूण शिल्पातच आहे: मुलगी प्रियकराचा चेहरा जमिनीवर रेखाटतेय. प्रियकराची सावली रेखणाऱ्या, प्राचीन ग्रीसमधल्या कोरिंथ शहरातल्या मुलीची, कलेचा उगम सांगणारी जुनी कथा यामागे आहे. नग्नता आहे, पण शिल्पाचा जीव त्या रेषेत आहे, आणि मला तेच विलक्षण वाटतं. कुलूपकाराचा मुलगा असलेला फेरेन्त्सी रोममध्ये डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसनच्या कार्यशाळेत शिकला. कृपया जुना मजकूर पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर तिथेच ही दुरुस्ती द्या.