पांढऱ्या अस्वलाचं कातडं आणि साडेतीनशे माणसांचं गाव : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पूर्व ग्रीनलंडमधल्या स्कोर्सबी साउंड या फियॉर्डच्या (डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या फाट्याच्या) प्रवासावर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही सविस्तर आणि बऱ्यापैकी चिडून प्रतिक्रिया दिलीत. चिडण्याबद्दल तक्रार नाही. विषयच तसा आहे आणि तुम्ही मुद्दे मांडलेत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तिथल्या इट्टोकोर्टूर्मिट गावात एका घराबाहेर चौकटीवर ताणून वाळत घातलेल्या ध्रुवीय अस्वलाच्या कातड्याचा फोटो मी टाकला आणि निषेधाचा एक शब्दही लिहिला नाही, हा तुमचा पहिला आक्षेप. त्या साडेतीनशे माणसांना सरकारनं एखाद्या नीट शहरात हलवावं, म्हणजे शिकारीचा प्रश्नच मिटेल, ही तुमची सूचना. आणि वितळणारा बर्फ बघायला इंधन जाळत जाणाऱ्या जहाजातून फिरायचं, वर पर्यावरणाबद्दल लिहायचं, हा ढोंगीपणा आहे, हा शेवटचा आक्षेप.

शेवटच्या आक्षेपात बरंच तथ्य आहे, त्याकडे नंतर येते. पहिले दोन मला अजिबात मान्य नाहीत.

आधी ते कातडं. ग्रीनलंडमध्ये ध्रुवीय अस्वलाच्या शिकारीवर २००६ पासून कोटा आहे. शिकार हाच ज्यांचा पूर्णवेळ व्यवसाय आहे अशा परवानाधारकांनाच ती करता येते. पिल्लं सोबत असलेल्या मादीला हात लावता येत नाही. विमानातून किंवा मोठ्या जहाजातून पाठलाग करता येत नाही. याच्या मुळाशी १९७३ चा करार आहे. कॅनडा, डेन्मार्क (ग्रीनलंड त्याच्याच राज्याचा भाग), नॉर्वे, अमेरिका आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ अशा पाच देशांनी तो केला आणि अस्वलांची शिकार जवळपास बंद केली. पिढ्यान्‌पिढ्या तिच्यावर जगणाऱ्या स्थानिकांना मात्र मुभा ठेवली. त्याच वर्षी नॉर्वेनं आपल्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवर ती पूर्ण थांबवली, कारण तिथं मूळ रहिवासी नव्हतेच. तिथली अस्वलं बाहेरून आलेल्या सापळेवाल्यांनी आणि हौशी शिकाऱ्यांनी मारली होती. हा फरक कायद्यानं केला आहे आणि मला तो योग्य वाटतो.

जगात आज साधारण २६,००० ध्रुवीय अस्वलं असावीत असा अंदाज आहे. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत ती धोक्यात आलेली म्हणून नोंदलेली आहेत, आणि त्या नोंदीत मुख्य धोका म्हणून समुद्रावरचा बर्फ आटत चालल्याचं लिहिलं आहे. अस्वल त्या बर्फावर उभं राहूनच सील पकडतं. १९७९ पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापलं आहे. हे तापणं इट्टोकोर्टूर्मिटच्या चुलींमुळे झालेलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि म्हणून मी निषेध लिहिला नाही.

बर्फ कमी झाल्यावर उपाशी अस्वलं गावात शिरू लागली आहेत, हेही लक्षात घ्या. मुलं शाळेत जातात त्या वाटांवर गावकरी गस्त घालतात, आणि या गस्तीला डब्ल्यूडब्ल्यूएफसारखी वन्यजीव संस्था मदत करते. अस्वल दिसलं की आवाज करून, इशाऱ्याच्या गोळ्या उडवून त्याला परत पिटाळायचं, म्हणजे मारायची वेळ येत नाही. अस्वलांना वाचवण्याचं रोजचं काम ही शिकारी माणसंच करत आहेत.

“भाजीपाला खाऊन जगता येत नाही का?” असं तुम्ही विचारलंत. उत्तर अक्षांशात आहे. गाव सत्तर अंशांच्या वर आहे. जमीन खाली कायमची गोठलेली, शेती नाही. समुद्र वर्षातून दोन-तीन महिनेच मोकळा होतो. तेवढ्या काळात मालाचं जहाज एक-दोनदा येतं आणि त्यात आलेल्या सामानावर वर्ष काढायचं. सगळ्यात जवळचं मोठं गाव तासीलाक, दक्षिणेला सुमारे ८०० किलोमीटरवर, आणि मध्ये रस्ता नाही. दुकानात डबाबंद आणि गोठवलेलं बरंच मिळतं, पण ताजी भाजी क्वचित आणि महाग. अशा ठिकाणी सील, मस्क-ऑक्स (दाट केसांचा बैलासारखा प्राणी) आणि नारव्हाल (लांब सुळ्याची लहान व्हेल) हेच ताजं अन्न. नारव्हालच्या कातडीला तिथं मात्ताक म्हणतात. ती कच्ची खातात, आणि तिच्यात क जीवनसत्त्व भरपूर असतं. युरोपातले खलाशी याच समुद्रांत या जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या स्कर्व्हीनं मरत होते, तेव्हा इथले मूळ रहिवासी इनुइट धडधाकट होते ते या आहारामुळे.

आता स्थलांतराच्या सूचनेकडे येते. मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते यावर, कारण तुम्ही सुचवलेला उपाय या लोकांवर आधीच झालेला आहे.

स्कोर्सबी साउंडच्या मुखाशी माणसांची वस्ती आपोआप वसली नाही. व्हेलच्या शिकारीवरचा ब्रिटिश कप्तान विल्यम स्कोर्सबी १८२२ मध्ये इथं आला, किनाऱ्याचा नकाशा केला आणि या फियॉर्डला आपल्या वडिलांचं नाव दिलं. इनुइटांच्या पूर्वजांच्या जुन्या थुले संस्कृतीतल्या घरांचे दगडी अवशेष आजही फियॉर्डमधल्या सिडकापला पाहता येतात, पण ती माणसं उरली नव्हती. पुढच्याच वर्षी क्लेव्हरिंग नावाच्या दुसऱ्या ब्रिटिशाला आणखी उत्तरेला बारा इनुइट भेटले. त्यानंतर त्या ईशान्य किनाऱ्यावर कुणालाही इनुइट भेटल्याची नोंद नाही.

शंभर वर्षांनी नॉर्वे आणि डेन्मार्क यांच्यात पूर्व ग्रीनलंड कुणाचं यावर वाद पेटला. रिकाम्या किनाऱ्यावर हक्क सांगणं अवघड असतं, तिथं माणसं राहत असली की सोपं जातं. एयनार मिकेल्सन या डॅनिश शोधकानं पुढाकार घेऊन १९२४ मध्ये इथं घरं उभी केली, आणि १९२५ मध्ये तासीलाककडची सत्तर-ऐंशी इनुइट माणसं ‘गुस्ताव होल्म’ जहाजातून आणून वसवली. कागदोपत्री ती स्वखुशीनं आली. दक्षिणेकडे शिकार कमी झाली होती आणि नव्या जागी शिकार उत्तम मिळेल असं त्यांना सांगितलं होतं. ते खरंही निघालं, कारण फियॉर्डच्या मुखाजवळ हिवाळ्यातही समुद्र थोडा उघडा राहतो आणि त्या पाण्यापाशी सील, वॉलरस आणि अस्वलं जमतात. तरी माणसं नेली गेली ती नकाशावरच्या हक्कासाठीही. १९३३ मध्ये हेगच्या न्यायालयानं निकाल डेन्मार्कच्या बाजूनं दिला.

म्हणजे एका सरकारनं आपल्या सोयीसाठी या लोकांना शिकारीच्या भरवशावर जगाच्या टोकाला आणलं. आता त्यांच्या नातवंडा-पणतवंडांना आपण म्हणायचं की शिकार आम्हाला बघवत नाही, तेव्हा पुन्हा सामान बांधा?

दुसरं उदाहरण वायव्य किनाऱ्यावरचं आहे. १९५३ मध्ये थुले या ठिकाणच्या अमेरिकी हवाई तळासाठी तिथल्या इनुइट कुटुंबांना हलवलं आणि शंभरहून अधिक किलोमीटर उत्तरेला कानाकला पाठवलं. ते बळजबरीचं स्थलांतर होतं असा निकाल डॅनिश न्यायालयानं १९९९ मध्ये दिला, आणि त्यानंतर डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी माफी मागितली. शेहेचाळीस वर्षं गेली होती तोवर. कोयना धरणात उठलेल्या गावांचं पुनर्वसन अजून पूर्ण झालेलं नाही, हे माहीत असलेल्या आपल्या माणसांनी तरी “हलवून टाका” इतक्या सहज म्हणू नये.

दुरून केलेल्या निषेधाचा परिणाम काय होतो तेही या किनाऱ्यानं भोगलं आहे. कॅनडात सीलच्या पांढऱ्या पिल्लांना मारतानाची चित्रं जगभर गेली, लोक हळहळले, आणि १९८३ मध्ये युरोपीय समुदायानं पिल्लांच्या कातड्यांच्या आयातीवर बंदी घातली. ग्रीनलंडचे शिकारी ती पिल्लं मारत नव्हते, पण गिऱ्हाईक असा भेद करत बसत नाही. सगळ्याच सीलच्या कातड्यांचा बाजार कोसळला. गोळ्या, इंधन, मुलांचे कपडे यासाठी हातात पडणारी रोकड आटली. सीलचं मांस तर घरात लागणारच होतं, त्यामुळे शिकार थांबली नाही, फक्त कातडं कवडीमोल झालं. २००९ मध्ये युरोपीय संघानं सीलच्या सगळ्या उत्पादनांवर बंदी आणली, तेव्हा इनुइटांसाठी सूट ठेवली. एकदा मोडलेला बाजार त्या सुटीनं परत आला नाही. २०१४ मध्ये ग्रीनपीस कॅनडा या पर्यावरणवादी संघटनेनं आपल्या जुन्या मोहिमेनं इनुइटांचं नुकसान झाल्याचं मान्य करून जाहीर माफी मागितली. त्या वेळचे कार्यकर्तेही तुमच्यासारखेच कळवळ्यानं बोलत होते, यात मला शंका नाही.

तुमच्या प्रतिक्रियेत न आलेली एक गोष्ट मला तिथं गेल्यावर सगळ्यात जास्त टोचली. पूर्व ग्रीनलंडची अस्वलं आणि ती खाणारी माणसं यांच्या शरीरात विषारी रसायनांचं प्रमाण जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल इतकं आहे. पीसीबी (जुन्या विद्युत उपकरणांच्या तेलातली रसायनं), पीएफएएस ही नावं. कारखाने हजारो किलोमीटर दूर आहेत. वारे आणि समुद्रप्रवाह ही रसायनं उत्तरेला नेतात. तिथं ती माशांत, माशांतून सीलमध्ये, सीलमधून अस्वलात जातात आणि प्रत्येक पायरीला साठत वाढतात. पीसीबीवर २००१ च्या स्टॉकहोम करारानं बंदी आली, पण ती नष्ट व्हायला दशकं लागतात. पीएफएएस तर नॉनस्टिक तव्यांपासून पाणी न धरणाऱ्या जॅकेटांपर्यंत कितीतरी वस्तूंत वापरली गेली. तसली जॅकेटं घालूनच पर्यटक या फियॉर्डमध्ये उतरतात. हे गाव काही बनवत नाही, आणि आपण बनवलेल्या वस्तूंचं विष त्यांच्या ताटात जातं. निषेधच करायचा असेल तर त्याचा करू, मी तुमच्या सोबत आहे.

नारव्हालच्या बाबतीत मात्र तुमची काळजी रास्त आहे. पूर्व ग्रीनलंडमधली नारव्हालची संख्या खूप घसरली आहे. उत्तर अटलांटिक समुद्री सस्तन प्राणी आयोगाच्या तज्ज्ञांनी इट्टोकोर्टूर्मिटसह या किनाऱ्यावरच्या तिन्ही क्षेत्रांत शिकार शून्यावर आणा असा सल्ला दिला, तरी सरकारनं कोटा देणं चालू ठेवलं. शिकारी म्हणतात की समुद्रावर आम्हाला दिसतं ते मोजणीत येत नाही. मला इथं शास्त्रज्ञांचं ऐकावं असं वाटतं, कारण नारव्हाल संपले तर नुकसान आधी याच गावाचं आहे. पण सरकारनं नुसती बंदी घालून हात झटकू नयेत. घरात येणाऱ्या अन्नाची आणि पैशाची सोय आधी लावावी.

आता जहाज. तुम्ही म्हणता ते खरं आहे. हिमनगांच्या गल्लीतून जाताना इंजिनाचा आवाज येत राहतो, आणि लाल वालुकाश्माच्या रोड ओ बेटामागे अडकलेले निळे हिमनग बघताना धुराचा वास येतो तेव्हा मन खातं. काजळी बर्फावर बसली की बर्फ काळवंडतो आणि लवकर वितळतो. आर्क्टिकमध्ये जड इंधनतेलावर १ जुलै २०२४ पासून बंदी आली, पण काही जहाजांना २०२९ पर्यंत सवलत आहे. ती सवलत देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

धोकाही आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘ओशन एक्सप्लोरर’ हे जहाज २०६ माणसांसह ईशान्य ग्रीनलंडच्या आल्पेफियॉर्डमध्ये चिखलात रुतलं. तीन दिवसांनी एका मत्स्यसंशोधन जहाजानं ते ओढून काढलं, कारण जवळपास दुसरं कुणी नव्हतं. त्यानंतर दोनच दिवसांनी त्याच भागातल्या डिक्सन फियॉर्डमध्ये डोंगराचा कडा कोसळला. पायथ्याची हिमनदी पातळ होत गेल्यानं त्याचा आधार गेला होता. सुमारे २०० मीटर उंच लाट उठली आणि फियॉर्डमधलं पाणी नऊ दिवस हेलकावत राहिलं. त्याची कंपनं जगभरच्या भूकंपमापकांवर उमटली. पर्यटक जहाजं त्या फियॉर्डमध्येही जातात. त्या दिवशी तिथं कुणी नव्हतं, एवढंच.

म्हणून मला वाटतं की स्वालबार्डमध्ये जे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले ते पूर्व ग्रीनलंडलाही हवेत. स्वालबार्डच्या संरक्षित भागांत आता २०० हून जास्त प्रवाशांचं जहाज चालत नाही. ठरलेल्या ४३ जागीच उतरता येतं. अस्वलापासून ३०० मीटर दूर राहावं लागतं आणि मार्च ते जून ५०० मीटर. काही कंपन्यांनी आरडाओरड केली, पण माझ्या मते हे नियम थोडे उशिराच आले.

“मग वाचकांनी जावं की नाही, ते स्पष्ट सांगा,” असं तुम्ही शेवटी लिहिलंत. सांगते. मोठ्या जहाजानं जाऊ नका. छोट्या जहाजानं गेलात तरी गावाला त्यातून फार मिळत नाही हे माहीत असू द्या. माणसं जेवतात जहाजावर, झोपतात जहाजावर, दोन-तीन तास गावात फिरून हाडाची एखादी कोरीव वस्तू घेतात आणि परत रबरी होडीत बसतात. परवडत असेल आणि थंडी सोसत असेल तर आइसलंडहून विमानानं नेर्लेरीत इनात या विमानतळावर उतरा, तिथून हेलिकॉप्टरनं गावात जा आणि तिथंच राहा. विमानही इंधन जाळतं, हिशेब शून्य होत नाही. पण वसंतात समुद्र गोठलेला असतो तेव्हा गावातले शिकारी कुत्र्यांच्या गाड्यांवरून पाहुण्यांना नेतात, आणि त्याचे पैसे थेट त्यांच्या घरात पडतात. फोटो काढण्याआधी विचारा. ताटात काय वाढतील ते आधी विचारून घ्या, खायचं नसेल तर नम्रपणे सांगा, त्यांना राग येत नाही.