भिंतीवरचा १४ आकडी नंबर म्हणजे तपासणीचा दाखला नव्हे

‘हॉटेलात एफएसएसएआय नंबर लावलाय म्हणजे किचन तपासून पास झालंय, बिनधास्त खा,’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. हे चूक आहे. एफएसएसएआय म्हणजे अन्नसुरक्षेचं काम पाहणारं केंद्राचं प्राधिकरण. त्याचा १४ आकडी नंबर २००६च्या अन्नसुरक्षा कायद्याखालचा परवाना किंवा नोंदणी दाखवतो. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. आजचं तेल कितव्यांदा तापलंय, हे त्यावरून कसं कळणार! स्वच्छतेचं रेटिंग वेगळं असतं, १ ते ५ असं. शंका असल्यास ग्राहकालाही याच कायद्याच्या कलम ४० प्रमाणे शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही. महाराष्ट्रात तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी. बिल जपून ठेवा, त्यावरही हा नंबर असायलाच हवा.